रूळ जिथं संपतात

मॉडेल रेल्वेत सगळं काही लहान करता येतं. इंजिन लहान, डबे लहान, सिग्नल काडीएवढा, फलाटावरचा हमाल अंगठ्याच्या पेराहूनही बुटका. सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याचा 87वा भाग. दोन रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. एक गोष्ट मात्र अजून कुणालाच लहान करता आलेली नाही, ती म्हणजे गुरुत्वाकर्षण. ते खोक्यातून येत नाही. ते खोलीत आधीच येऊन बसलेलं असतं आणि पूर्ण मापाचं असतं.

याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ताशी 100 किलोमीटरनं धावणारी एक्सप्रेस 87 पट लहान केली की सेकंदाला जेमतेम 32 सेंटिमीटर सरकते. दोन मीटरचं टेबल ओलांडायला तिला सहा सेकंद लागतात. पाहणाऱ्याला तेवढ्यात चहाचा घोट घेऊन 'वा!' म्हणता येतं. हीच एक्सप्रेस काठावरून निघाली, की 1.2 मीटर खालची फरशी तिला अर्ध्या सेकंदात भेटते, तीही ताशी 17 किलोमीटरच्या खऱ्याखुऱ्या वेगानं. त्या बुटक्या हमालाच्या नजरेनं पाहिलं तर ही दरी 100 मीटरहून खोल आहे. आत कुतुबमिनार उभा केला तरी वर जागा उरेल.

म्हणूनच या छंदातली माणसं झाडांविषयी, डोंगरांविषयी, इंजिनावरच्या गंजाच्या रंगाविषयी तासन्‌तास बोलतात आणि काठाचा विषय निघाला की पंख्याकडे बघतात. प्रत्येकाच्या कपाटात एक खोकं असतं. त्यात एक इंजिन असतं. त्याला एक बफर नसतो.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे असं खोकं आहे. काका बँकेतून निवृत्त झाले, मुलगा नोकरीसाठी हॅम्बुर्गला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. त्या खोलीत काकूंना शिवणयंत्र ठेवायचं होतं. आज तिथं खंडाळ्याचा घाट आहे. प्लायवूडचा पाया, थर्मोकोलचे डोंगर, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस, तीन बोगदे, एक धबधबा. गाडी भिंतीभिंतीनं खोलीला पुरती प्रदक्षिणा घालते. वाटेत दार येतं, तिथं उचलून बाजूला ठेवायचा एक पूल आहे. शिवणयंत्र स्वयंपाकघरात गेलं आणि मिक्सर त्याच्या झाकणावर बसला. काकूंनी या सगळ्याला कधी नाव ठेवलं नाही. त्यांनी फक्त घाटाखालच्या फरशीवर एक जुनी गोधडी अंथरून ठेवली.

गोधडीवर काका नाराज होते. "खंडाळ्याच्या दरीत गोधडी कुठं असते?" असं त्यांचं म्हणणं. दरी हुबेहूब हवी, तर तिच्यात पडणंही हुबेहूबच होणार, हे त्यांना कुणी सांगायचं?

गाडी पळून का जाते, याची कारणं ऐकायला बसलं तर रात्र सरते. सर्वांत जुनं कारण पाहुण्यांची मुलं. मुलाच्या हातात वेगाचं बटण दिलं की ते एकाच दिशेला फिरतं, आणि त्याला शेवट आहे हे मुलाला बटण संपल्यावरच कळतं. वळण अरुंद असतं, डबे उंच असतात, आणि बाहेरच्या बाजूला डोंगराऐवजी काठ असतो. या कारणावर फार बोलण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय म्हणजे मुलांना वेगाचं बटण न देता शिट्टीचं बटण द्यावं. बहुतेकांना तेच हवं असतं.

खरी रंगत उतारावर आहे. इंजिन आणि डबे यांना जोडणारी कडी नखाएवढी. चढावर ती कधीतरी सुटते. इंजिन पुढं जातं, डबे क्षणभर विचार करतात आणि मागं यायला लागतात. यात गंमत अशी, की डबा जितका चांगला तितका तो लवकर पळतो. जुने पत्र्याचे डबे कुरकुरत जागच्या जागी उभे राहायचे. आता आसाची टोकं सुईसारखी, त्यांना धरणारी चौकट गुळगुळीत प्लॅस्टिकची, चाकं धातूची. घर्षण जवळपास नाहीच. काकांनी हौसेनं सगळ्या डब्यांना अशी चाकं बसवून घेतली. त्यानंतर त्यांच्या यार्डातले डबे पंखा तीनवर ठेवला तरी हळूच निघून जाऊ लागले.

यावर अनुभवी मंडळींनी काढलेला उपाय मला फार आवडतो. दोन स्लीपरांच्या मध्ये एक बारीक भोक पाडायचं आणि ब्रशाचे दोन-चार नायलॉनचे केस त्यात उभे चिकटवायचे, असे की ते आसाला नुसते लागतील. इंजिन ओढत असलं तर त्याला ते जाणवतही नाहीत. एकटा सुटा डबा मात्र तिथं अडून राहतो. कुणी याच कामासाठी मासे पकडायच्या गळाची दोरी वापरतात, कुणी शेवटच्या डब्याच्या आसावर पितळी तारेची बारीक स्प्रिंग टेकवून ठेवतात, म्हणजे गार्डाच्या डब्याला कायमचा थोडासा ब्रेक. काकूंचा जुना टूथब्रश याच कामी आला. तो अजून जुना झालेला नव्हता, हा मुद्दा वेगळा.

सुट्या डब्यांचं हे प्रकरण खेळण्यापुरतं असतं तर बरं झालं असतं. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ रविवारच्या शाळेच्या सहलीची गाडी चढावर अडकली. गाडी लांब, मुलांनी भरलेली, इंजिन अपुरं. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यायचा, असं ठरलं. मागचे डबे गार्डाच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे. पुढचा भाग निघताना किंचित मागं सरला, त्याचा धक्का बसला आणि दगड चुरडून मागचे डबे उतारावर सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे 80 माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. गाडीला ब्रेक नव्हता असं नाही. निर्वात ब्रेक होता, पण साध्या जातीचा. इंजिनाशी नळी जोडलेली आहे तोवरच तो चालायचा. नळी सुटली की ब्रेकही सुटला.

वेस्टिंगहाऊस या अमेरिकी संशोधकानं 1870च्या दशकातच याच्या नेमकं उलट करून दाखवलं होतं. त्याच्या ब्रेकमध्ये नळीतला हवेचा दाब ब्रेक लावण्यासाठी नसतो, ब्रेक दूर धरून ठेवण्यासाठी असतो. नळी तुटली, डबा सुटला, की दाब जातो आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप आवळला जातो. म्हणजे थांबणं ही गाडीची मूळ स्थिती आणि चालणं ही तिला तात्पुरती मिळालेली परवानगी. हा विचार माहीत होता, विकतही मिळत होता. पण तो महाग वाटत होता. आर्मानंतर काही आठवड्यांत ब्रिटिश संसदेनं कायदा करून प्रवासी गाड्यांना असा आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. टूथब्रशाचे केस चिकटवताना काका ही गोष्ट सांगतात आणि सांगताना आवाज खाली आणतात.

आपल्याकडे हाच विचार कुणाला डोळ्यांनी बघायचा असेल तर पुण्याहून मुंबईला दिवसाच्या गाडीनं जावं. खंडाळा सोडलं की भोर घाट सुरू होतो, 1863 साली पहिल्यांदा रेल्वेनं उतरलेला. चढ 37 मीटरला एक मीटर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण रुळावर लोखंडी चाक असतं तेव्हा हा चढ भिंतीसारखा. वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात आणि त्या वेळात प्रवासी वडे खातात. हे सर्वांना ठाऊक आहे. उतरणाऱ्या गाडीचं मात्र कुणी बघत नाही. ती मंकी हिलला थांबते, ठाकूरवाडीला थांबते. ना फलाटावर गर्दी, ना चहावाला. डब्यात लगेच चर्चा सुरू होते. क्रॉसिंग असेल. दरड असेल. मुंबईत पाऊस असेल. एक गृहस्थ घड्याळ बघून 'आपल्याकडे हे असंच' म्हणतात, आणि डब्यातला निम्मा समाज मान हलवतो.

गाडी थांबलेली असते ती थांबता येतं हे दाखवण्यासाठी. पुढं सांधे असतात आणि ते मुख्य मार्गाला लावलेले नसतात. ते कॅच सायडिंगला लावलेले असतात; म्हणजे बाजूला निघून चढावर जाणारा आणि वाळूत संपणारा रूळ. ड्रायव्हरनं गाडी आणली, थांबवली, ब्रेक धरतोय हे सिद्ध केलं, की मग सांधे बदलतात आणि सिग्नल मिळतो. न थांबता आलेली गाडी, म्हणजे पळालेली गाडी, मुख्य मार्गावर जाऊच शकत नाही. ती वाळूत जाते. घाटातली रेल्वे कुणाही ड्रायव्हरवर आधी अविश्वास दाखवते आणि त्यानं थांबून दाखवल्यावर विश्वास ठेवते. यात त्याचा अपमान नाही. उलट त्याला झोप लागली, चक्कर आली, काहीही झालं, तरी खालच्या माणसांचं काही बिघडू नये, ही त्यात सोय आहे. घाटातल्या त्या दोन मिनिटांच्या थांब्याइतकं निरर्थक वाटणारं आणि इतकं अर्थपूर्ण दुसरं काही आपल्या प्रवासात नसावं. पण त्याला फलाट नाही, म्हणून त्याला मान नाही.

काकांच्या घाटातही कॅच सायडिंग आहे. ती चढते आणि वाळूत संपते. वाळू मुळा-मुठेची नाही, मत्स्यालयाच्या दुकानातली आहे. पण पहिली दोन वर्षं तिचे सांधे कायम मुख्य मार्गाला लावलेले असायचे, कारण गाडी फिरताना मध्ये थांबली की पाहुण्यांना कंटाळा येतो. अडीचशे तास खपून बनवलेली सुरक्षितता शोभेला.

आता पुलाकडे, म्हणजे दाराकडे वळू. खोलीभर फिरणाऱ्या प्रत्येक लेआउटचं दार हे दुखणं असतं. दाराशी उचलायचा किंवा दारासारखा उघडायचा पूल केला, की तो उघडा असताना गाडी येणार हे ठरलेलं. काकांनी आधी एक सोय केली होती. पूल उचलला की लाल दिवा लागायचा आणि घंटी वाजायची. दोन्ही उत्तम चालायचं. एके दिवशी दोन्हींची तार बोगद्यात कुठंतरी निसटली, काकू चहा घेऊन आल्या, पूल उचलला, दिवा लागला नाही, घंटी वाजली नाही, आणि पाच डब्यांची गाडी शिस्तीत एकामागून एक गोधडीवर उतरली. काकूंनी कप खाली ठेवले आणि एकच विचारलं. "पूल उघडल्यावर काहीतरी व्हायला हवं, असं का केलंत? पूल बंद असल्यावरच गाडीला वीज मिळेल, असं नाही का करता येणार?"

वेस्टिंगहाऊसचा विचार काकू ट्रे हातात धरून दोन वाक्यांत बोलून गेल्या. तेव्हापासून पुलाच्या टेकूशी एक चिमुकला स्विच आहे. पूल नीट बसला तरच तो दाबला जातो, आणि तो दाबलेला असेल तरच पुलाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांत वीज येते. तार तुटली, स्विच खराब झाला, पूल अर्धवट बसला, कुणी विसरलं, काहीही होवो, उत्तर एकच: गाडी थांबते. अर्थात वीज तोडलेला तुकडा पुरेसा लांब हवा. आजकालच्या इंजिनात जड फ्लायव्हील असतं, वीज गेली तरी ते थोडं अंतर वाहवत जातं. वीतभर तुकडा ठेवणाऱ्यांची इंजिनं वीज नसलेल्या भागातून ऐटीत घरंगळत येऊन खाली पडलेली आहेत.

टोकाला बंद असलेल्या सायडिंगसाठी तर याहून देखणी युक्ती आहे. शेवटच्या हातभर लांबीत एक रूळ तोडून वेगळा करायचा आणि तुटलेल्या जागी एक डायोड जोडायचा. डायोड विजेला एकाच दिशेनं जाऊ देतो. इंजिन टोकाकडे आलं की वीज बंद, ते आपोआप उभं. उलट दिशा दिली की वीज चालू, ते परत निघतं. दोन-तीन रुपयांचा काळा मणी, पण टोकाला बसून राखण करतो. ना देखरेख, ना आठवण ठेवणं.

ही युक्ती जुन्या पद्धतीत चालायची. जुन्या पद्धतीत सगळंच समजण्यासारखं होतं. रुळांत 12 व्होल्टपर्यंत वीज, हातात एक बटण. फिरवलं की गाडी चालते, मागं आणलं की थांबते. वीज हीच आज्ञा. मग डिजिटल आलं. आता रुळांत सदासर्वकाळ पूर्ण वीज असते आणि तिच्यातूनच निरोप जातात: क्रमांक तीन, हळू, क्रमांक सात, दिवा लाव. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची चिप असते, ती आपल्या क्रमांकाचा निरोप तेवढा मनावर घेते. एकाच रुळावर चार इंजिनं चार चालींनी चालवता येतात. शिट्टी, वाफेचा फुसकारा, ब्रेकचा चरचराट, सगळं इंजिनातूनच ऐकू येतं. मुलानं हॅम्बुर्गहून हे सगळं आणून दिलं तेव्हा काका आठवडाभर जेवायलाही वेळेवर आले नाहीत.

पण या चिपला एक जुनी सवय मुद्दाम ठेवलेली असते. निरोप ऐकू आले नाहीत आणि नुसतीच वीज मिळाली, तर तिला वाटतं आपण जुन्या पद्धतीच्या रुळांवर आहोत आणि मालकानं बटण फिरवलं आहे. मग ती मिळेल तेवढ्या विजेवर धावते. रुळांत तर पूर्ण वीज. कुठं शॉर्ट झालं, वीज गेली-आली, निरोप क्षणभर विस्कटले, की यार्डात शांत उभं असलेलं इंजिन एकाएकी पूर्ण वेगानं निघतं, आणि हातातला रिमोट शून्य दाखवत असतो. या छंदात याहून भीतिदायक दृश्य नाही. उपाय मात्र मिनिटाचा आहे. चिपमध्ये क्रमांक घातलेले खाने असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. 29व्या खान्यात जुन्या पद्धतीची परवानगी असते, ती काढून टाकायची. 11वा खाना त्याहून मोलाचा. 'इतका वेळ मला निरोप आला नाही तर मी थांबेन,' असं त्यात लिहून ठेवता येतं. शून्य लिहिलं तर ही सोय बंद. ज्या चिपमध्ये हा खाना चालतो तिथं तो शून्यावर ठेवणाऱ्याला मी तरी माझं इंजिन चालवायला देणार नाही, आणि माझ्याकडे इंजिनही नाही.

याच्यावर कडी म्हणजे नवा कपॅसिटर. रुळावर धूळ असली की इंजिन अडखळतं, म्हणून त्याच्या पोटात थोडी वीज साठवून ठेवतात. शिदोरी बांधून दिलेल्या माणसाला वाटेतलं हॉटेल बंद असल्याचं काय वाटणार? वीज तोडलेल्या तुकड्यातून असं इंजिन काही सेकंद खुशाल चालत जातं. तिथं काकूंचा स्विच हरतो. म्हणजे एका अडचणीवरचा उपाय दुसऱ्या उपायाच्या मुळावर येतो, आणि शेवटी काठ उरतोच.

काठ खऱ्या रेल्वेलाही असतो. काकांच्या भिंतीवर पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनचा तो प्रसिद्ध फोटो आहे. 22 ऑक्टोबर 1895ला ग्रानव्हिलहून आलेली एक्सप्रेस उशीर भरून काढण्याच्या नादात वेगानं स्टेशनात शिरली, ब्रेक लागला नाही, रुळाच्या टोकाचा बफर तोडून, फलाटापुढचा तीसेक मीटरचा मोकळा भाग ओलांडून, भिंत फोडून इंजिन बाहेरच्या चौकात नाकावर टेकलं. गाडीतले प्रवासी वाचले. खाली चौकात वर्तमानपत्रं विकणारी एक बाई मात्र मेली; ती त्या वेळी नवऱ्याच्या जागी उभी होती. ड्रायव्हरला 50 फ्रँक दंड झाला. फोटो टी-शर्टांवर छापला गेला, वह्यांच्या मुखपृष्ठांवर आला, लोक बघून हसतात. काका हसत नाहीत. ते बफरकडे बोट दाखवतात. बफर होता, म्हणतात. बफर शेवटचा उपाय असतो, पहिला नव्हे.

गाड्या आपटण्यातच आनंद मानणारेही आहेत. 1964 साली सुरू झालेल्या 'द ॲडम्स फॅमिली' या अमेरिकी मालिकेतले गोमेझसाहेब समोरासमोर दोन गाड्या सोडायचे आणि मधला पूल सुरुंगानं उडवायचे. त्यांच्याकडे पैसा होता. मध्यमवर्गाला हा आनंद परवडत नाही.

अमेरिकेतलीच दुसरी मंडळी जास्त जवळची वाटतात. एमआयटी या संस्थेत 1946पासून एक मॉडेल रेल्वे क्लब आहे. त्यात सरळ दोन जाती होत्या. एक टेबलाच्या वर झाडं आणि घरं रंगवणारी. दुसरी टेबलाखाली तारांच्या जंगलात झोपणारी. टेबलाखालच्या मंडळींनी पुढं संगणकाच्या इतिहासात नाव काढलं. पहिल्या हॅकरांत त्यांची गणना होते. या मंडळींनी खोलीत ठिकठिकाणी मोठे स्विच बसवले होते. एखादी गाडी कुठं आदळणार असं दिसलं, की जो जवळ असेल त्यानं स्विचवर हात मारायचा. सगळं थांबायचं. भिंतीवरचं आकड्यांचं घड्याळसुद्धा थांबायचं आणि वेळेच्या जागी 'फू' ही अक्षरं उमटायची. हिंजवडीत आज कितीतरी मुलं उदाहरणादाखल प्रोग्राम लिहिताना हेच 'फू' टंकतात. मला त्यातला स्विच आवडतो. कारण तो कुणीही मारावा असा होता. गाडी कुणाची, चूक कुणाची, अधिकार कुणाचा, हे सगळं गाडी थांबल्यावर.

मुलानं काका-काकूंना हॅम्बुर्गचं मिनिअटुर वुंडरलांड दाखवून आणलं. दोन जुळ्या भावांच्या पुढाकारानं 2001 साली सुरू झालेलं ते प्रदर्शन. हजाराहून जास्त गाड्या, पर्वत, विमानतळ, सारं काही. काकूंनी विमानं उडताना बघितली. काका बराच वेळ नियंत्रण कक्षासमोर उभे होते. तिथं माणसं पडद्यांकडे बघत बसलेली असतात आणि गाड्या संगणक सांभाळतो: रूळ तुकड्यातुकड्यांत वाटलेला, आणि पुढचा तुकडा रिकामा आहे हे कळल्याशिवाय गाडीला तिथं पाऊल टाकू द्यायचं नाही. खऱ्या रेल्वेचं ब्लॉकचं तत्त्वही हेच. परत आल्यावर काका म्हणाले, "अरे, तिथं हजार गाड्या चालतात म्हणून लोक बघायला येतात. त्या थांबवल्या कशा जातात ते बघायला मी एकटाच उभा होतो." मी म्हटलं, "काका, त्यात बघण्यासारखं काय असतं?" ते माझ्याकडे बँकेच्या काउंटरपलीकडून बघावं तसे बघत राहिले.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, 1998पासूनचं. तिथं मुलांना घेऊन गेलो की तीही गाड्यांकडेच बघतात, आणि बघावंच. पण मोठ्यांनी एखाद वेळी सिग्नलांकडे बघावं. गाडी कुठं आणि का थांबते याकडे लक्ष द्यावं. माझं मत असं झालं आहे, की मॉडेल रेल्वेत सर्वांत हुबेहूब काय असेल तर झाडं नाहीत, स्टेशनही नाही. या थांबवण्याच्या तारा. इंजिनाच्या रंगाची छटा चुकली तर एखाद्या जाणकाराला कळेल. पण गाडीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, ही रेल्वेची वृत्ती ज्यानं टेबलावर उतरवली, त्यानंच रेल्वे उतरवली. बाकीच्यांनी रुळांवर खेळणं ठेवलं आहे.

काकांनी आता ते केलं आहे. कॅच सायडिंगचे सांधे वाळूकडेच लावलेले असतात आणि घाटात गाडी थांबते. पाहुणे विचारतात, "बिघडली का?" काका सांगतात, "नाही, ब्रेक बघतोय." पाहुण्यांतला एक जण हमखास घड्याळ बघतो.

आणि काठाला त्यांनी पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी लावली आहे, चार बोटं उंच. त्यावर त्यांचा बराच काळ आक्षेप होता, कारण भोर घाटाला पारदर्शक भिंत नाही. फोटोत ती चमकते. धूळ धरते. काकू दर रविवारी ती पुसतात आणि गोधडी त्यांनी अजून काढलेली नाही. पट्टीवर त्यांचा विश्वास आहे, पण घाटात कुणावरच एकट्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्यांना काकांच्याही आधी कळलं आहे.

तुमच्या घरी असा काही घाट उभा राहत असेल, तर झाडं लावण्याआधी काठ बांधा. पुलाची वीज पूल बंद असल्यावरच मिळेल अशी जोडा. 29वा खाना तपासा. पाहुण्यांची मुलं येणार असतील तर पाचव्या खान्यात कमाल वेगाचा आकडा असतो, तो निम्म्यावर आणून ठेवा. मुलांना फरक कळत नाही. ॲक्रिलिकची पट्टी नावाच्या पाट्या करणाऱ्या कुठल्याही दुकानात हव्या त्या मापात कापून मिळते, आणि ती एका इंजिनापेक्षा स्वस्त पडते.